बेलपर्यंत गेलेला हात

धाकटीचं काम डोळ्यांचं होतं. एका कंपनीच्या गाड्यांना चारी बाजूंनी कॅमेरे होते. त्या कॅमेऱ्यांनी टिपलेलं चित्रण तुकड्यातुकड्यांनी तिच्या संगणकावर यायचं. त्यात दिसेल त्या प्रत्येक गोष्टीभोवती माउसने चौकट काढायची आणि चौकटीला नाव द्यायचं. माणूस, सायकल, कुत्रं, खांब. असं लाखो वेळा दाखवलं की म्हणे गाडीला आपोआप समजायला लागतं, हा माणूस आहे, याच्या अंगावर जायचं नाही. "गाड्या बालवाडीत आहेत आणि मी त्यांची बाई," असं ती सुरुवातीला घरी सांगायची. त्यावर बाबा म्हणायचे, "मग छडी जवळ ठेव."

घरात ती आणि बाबा, दोघंच. थोरला भाऊ, दादा, घर सोडून गेला होता, तरी हिचं नाव धाकटीच राहिलं.

बाबा लिफ्टचे मिस्त्री. उभी हयात त्यांनी उंच इमारतींच्या अंधाऱ्या खोबणींत, तारा आणि ग्रीस यांच्यात घालवली. पण रस्त्यावर कुणी त्यांना मळक्या शर्टात पाहिलं नाही. कामाचे कपडे पिशवीत असायचे. येताना जाताना अंगात इस्त्रीचा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले. बोलणं मोजकं. आई गेली तेव्हाही ते रडले नाहीत, म्हणजे कुणाला दिसले नाहीत.

आईचं ऑपरेशन करावं की नाही, यावरून बाप-लेकाचं बिनसलं होतं. बाबा म्हणत होते, जितके दिवस आहेत तितके तिला घरी सुखाने राहू दे. दादा म्हणत होता, डॉक्टर आशा आहे म्हणतात तर हातावर हात ठेवून कसं बसायचं. शेवटी आई दादाकडे बघून हो म्हणाली. ऑपरेशन झालं, पण ती शुद्धीवर आलीच नाही. दवाखान्याच्या मधल्या वाटेत, सगळे नातेवाईक उभे असताना बाबा दादाला म्हणाले, "तुझ्यामुळे गेली." एवढं एकच वाक्य. महिन्याभरात दादाने गावाच्या दुसऱ्या टोकाला नवीन वसाहतीत घर घेतलं आणि गेला. बाबांनी त्याचं नाव टाकलं. धाकटी त्याच्याशी फोनवर बोलायची, पण घरात त्याच्याबद्दल अवाक्षर काढायची नाही. बाबांना हे ठाऊक होतं आणि बाबांना ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक होतं. घर असंच चाललं होतं.

निवृत्त झाल्यावर बाबा सकाळी फिरायला जायला लागले. "पाय मोकळे करून येतो," म्हणायचे आणि चांगली उन्हं चढल्यावर परतायचे. फिरायला जाताना इतका कडक शर्ट कशाला, असं धाकटीला एकदा वाटलं होतं. पण बाबांचं सगळंच तसं, म्हणून तिने विचारलं नाही.

ऑफिसात एक मजला भरून मुलंमुली दिवसभर चौकटी काढत बसायची. काम कंटाळवाणं. डोळे चुरचुरायचे, मान आखडायची. त्यामुळे कुणाच्या तुकड्यात काही मजेशीर आलं की ते सगळ्यांच्या गप्पांच्या ग्रुपवर पडायचं. कुणी भर रस्त्यात घसरून पडलेला, कुणी कोपऱ्यात आडोसा समजून नाक कोरणारा, कुणी जोडपं भांडताना. असं करायचं नाही असा नियम होता आणि तो नियम भिंतीवर लावलेलाही होता. ग्रुपचा राजा म्हणजे तिच्या शेजारी बसणारा रेडिओ. दिवसभर बोलत असायचा म्हणून रेडिओ. मनाने वाईट नव्हता. कुणाला बरं नसलं तर त्याचं काम हाच उरकून टाकायचा. पण हसवायची त्याला भारी हौस.

त्या दिवशी दुपारी रेडिओने एक नवीन तुकडा टाकला. वेगवेगळ्या दिवसांचं चित्रण त्याने मेहनत घेऊन एकत्र जोडलं होतं, खाली बँडबाजाचं संगीत लावलं होतं आणि नाव दिलं होतं, 'बेलवाले आजोबा'. मजल्यावर इकडून तिकडून हसण्याचे आवाज यायला लागले. धाकटीनेही चहाचा कप एका हातात धरून तो उघडला.

एक घर, निळं फाटक. घरासमोर उभ्या असलेल्या गाडीचा कॅमेरा कुणी जवळ आलं की जागा होत असावा. एक म्हातारा येतो, फाटकाशी थांबतो, बेलकडे हात नेतो आणि मागे घेतो. वळून चालू लागतो. दुसरा दिवस, वेगळा शर्ट. येतो, थांबतो, हात वर, हात खाली, परत. संगीताच्या ठेक्यावर हात वर, हात खाली. मग शेवटचा भाग, ज्यावर सगळे हसून लोटपोट होत होते. म्हातारा गाडीच्या काळ्या काचेत आरशासारखं बघतो. खिशातून कंगवा काढून केस बसवतो. कॉलर सारखी करतो. आणि काचेतल्या स्वतःशी बोलायला लागतो. आवाज नव्हता, पण ओठ हलताना दिसत होते. तो तेच तेच पुन्हा म्हणून बघत होता, थोडं बदलून, थोडी मान हलवून, पाठांतर करणाऱ्या मुलासारखा. कॅमेरा त्या काचेच्या कडेलाच असल्यामुळे चेहरा पडदाभर होता. डोळे भरून आलेले. ते त्याने रुमालाने टिपले, रुमालाची व्यवस्थित घडी घातली, आणि बेलकडे न जाता तो निघून गेला.

रुमालाची घडी बाबा नेहमी तशी घालत. चार पदरी, आणि वरून एकदा अंगठा फिरवून.

चहा टेबलावर सांडला हेही तिच्या लक्षात आलं नाही. रेडिओने पुढे वाकून तिच्या पडद्याकडे पाहिलं आणि हसत म्हणाला, शेवट बघितलास का, आजोबा मुलगी बघायला चाललेत बहुतेक. धाकटी उठून बाहेर गेली. तोंडावर पाणी मारलं. परत आली आणि खुर्चीवर न बसता त्याच्या शेजारी उभी राहिली.

"ते माझे वडील आहेत," ती हळू आवाजात म्हणाली.

रेडिओच्या चेहऱ्यावरचं हसू जायलाही वेळ लागला, कारण त्याला आधी ते खरं वाटलं नाही. मग त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. त्याने तुकडा ग्रुपवरून काढला. तोवर कितीतरी जणांनी तो आपापल्या फोनवर घेऊन ठेवला होता. रेडिओ एकेका टेबलापाशी गेला, प्रत्येकाला पुसून टाकायला लावलं, आणि का ते मात्र कुणाला सांगितलं नाही. काही जणांनी पुसला. काहींनी पुसला असं सांगितलं.

धाकटी मॅडमकडे गेली. मॅडम मजल्याच्या प्रमुख, कायम दोन कामं एकदम करणाऱ्या. त्यांनी टाइप करणं थांबवलं आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ग्रुप आजच बंद करते म्हणाल्या, आणि तो त्यांनी केलाही. मग धाकटीने विचारलं, की चेहरे पुसूनच चित्रण बाहेर जातं असं गाड्यांच्या मालकांना सांगतात ना? मॅडम म्हणाल्या, पुसतात, पण ते काम आपल्यानंतरच्या टप्प्यावर होतं. आपल्याकडे येतं ते कच्चं. मग हे मूळ चित्रण काढून टाका, धाकटी म्हणाली. आपल्याकडचं काढू, वर कंपनीकडे गेलेलं आपल्या हातात नाही, मॅडम म्हणाल्या. शेवटी आवाज मऊ करून त्यांनी आठवण करून दिली, की इथे पाहिलेलं बाहेर कुणाशी बोलायचं नाही हे तू कबूल केलेलं आहेस. घरच्यांशीसुद्धा.

ती जागेवर येऊन बसली. पण चौकट काढायला हात चालेना. निळं फाटक कुणाचं, हे तिला काचेतला चेहरा ओळखण्याआधीच कळायला हवं होतं. ती एकदा दादाच्या त्या घरी जाऊन आली होती. याच कंपनीची गाडी घेतल्याचं त्याने हौसेने फोन करून सांगितलंही होतं.

तिच्या मनात दोन गोष्टी एकदम उभ्या राहिल्या. एक म्हणजे दादाला हे कळलं तर इतक्या वर्षांची आढी एका दिवसात सुटेल. दुसरी म्हणजे, बाबांनी जे जगापासून लपवलं ते त्यांना न विचारता वाटून टाकायचा तिला काय अधिकार? ते तिने चोरून पाहिलेलं नव्हतं, पण पाहिलेलं चोरीचंच होतं. दुपारभर ती या दोन्हींत घुटमळत राहिली. शेवटी जिन्यात जाऊन तिने फोन लावला. स्वतःला आवरता आलं नाही, हे खरं.

तिने बाबांचं सगळं सांगितलं.

"मला माहीत आहे," दादा म्हणाला.

गाडीजवळ कुणी आलं की त्याच्या फोनवर सूचना यायची आणि चित्र दिसायचं. पहिल्यांदा बाबा दिसले तेव्हा तो वरच्या खोलीत दाढी करत होता. तेव्हापासून तो त्यांना बघत होता, प्रत्येक वेळी.

"मग दार का नाही उघडलंस?"

"बेल वाजली असती तर उघडलं असतं."

मग तिने राहिलेलं सांगितलं, की हे आमच्या सगळ्या मजल्याने पाहिलं, संगीत लावून. दादाचा आवाज चढला. माझ्या गाडीचं, माझ्या फाटकासमोरचं, तुमच्या ऑफिसात कसं आलं, म्हणाला. गाडी घेताना सुधारणेसाठी चित्रण वापरू का असं विचारतात, तू मान्य म्हणून बोट दाबलं असशील, ती म्हणाली. "सगळेच दाबतात," एवढं म्हणून त्याने फोन ठेवला.

बाबांना सांगायचं की नाही, यावर ती घरी जाताना सगळा रस्ता विचार करत राहिली. न सांगणं सोपं होतं. पण उद्या सकाळी बाबा पुन्हा इस्त्रीचा शर्ट घालतील, पुन्हा त्या काचेपुढे उभे राहतील, आणि कुठल्या तरी मजल्यावर कुणी तरी चौकट काढून वर लिहील, माणूस. हे मनात आलं आणि तिचं ठरलं.

बाबा स्वयंपाकघरात भाजी निवडत होते. तिने समोर बसून सांगितलं. सुरुवातीला त्यांना गाडीचं काही समजेना. उभी गाडी, बंद गाडी, तिच्यात कुणी बसलेलं नाही, आणि ती बघते? तिने समजावलं. त्यांचे हात हळूहळू थांबले.

"किती जणांनी पाहिलं?"

"आमचा मजला, बाबा."

"हसले?"

ती खोटं बोलू शकली असती. "हो," ती म्हणाली.

"तू?"

"मी ओळखलं तुम्हाला."

"ओळखलं नसतंस तर?"

तिने मान खाली घातली. बाबांनी उत्तराची वाट पाहिली नाही. ते पुढचंच विचारत होते, आणि विचारताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. गाडी त्याची आहे, म्हणजे त्यालाही दिसत असणार? तिने तेही खरं सांगितलं. वरून बघत होता, प्रत्येक वेळी.

बाबांनी निवडलेली भाजी एका बाजूला आणि देठं दुसऱ्या बाजूला सारली. बऱ्याच वेळाने ते बोलले, आणि त्यांना इतकं लांबलचक बोलताना धाकटीने कधी ऐकलं नव्हतं.

"लिफ्टमध्ये माणसं अडकायची. अंधार, उकाडा. मोठमोठी माणसं आत रडायची, देवाचा धावा करायची, कुणाचे कपडे ओले व्हायचे. बाहेरून मला सगळं ऐकू यायचं. पण दार उघडलं की मी आधी पाठ फिरवायचो. हत्यारं शोधतोय असं दाखवायचो. माणसाला तोंड पुसायला वेळ लागतो. तो द्यायला लागतो. मला हे कुणी शिकवलं नव्हतं. हे शिकवायला लागतं का कुणाला?"

ते उठले आणि आतल्या खोलीत गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून बाबांनी फिरायला जाणं सोडलं. शर्ट खुंटीला तसाच राहिला. दिवसाउजेडी खिडकीचा पडदा ओढून बसायचे. काही आणायला बाहेर पडलेच तर रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या गाड्या टाळत, भिंतीलगत चालायचे. एकदा धाकटी त्यांच्याबरोबर होती. समोरून येणारी गाडी दिसताच त्यांनी चेहरा वळवला, आणि ती निघून गेल्यावर काही झालंच नाही असं दाखवलं. सांगितलं नसतं तर बरं, असं तिला वाटायचं, आणि लगेच वाटायचं, नाही, त्यांचं होतं ते त्यांना कळायलाच हवं होतं. तिने मॅडमपुढे जाऊन आपण होऊन सांगून टाकलं, की मी घरी बोलले. मॅडमनी डोळे मिटून घेतले. मग नियमाप्रमाणे जे करायला हवं ते केलं. कामाच्या शेवटच्या दिवशी रेडिओ तिची पिशवी उचलून खालपर्यंत आला. एरवी जिन्यावरही बडबडणारा तो, पण तेव्हा त्याला एकच वाक्य जमलं, "माझे आजोबाही असेच शर्ट घालतात गं." ती त्याच्यावर रागावलेली नव्हती. पण रागावलेली नाही असं म्हणालीही नाही.

दादाचा फोन आला तो त्यानंतर. बाबा येत नाहीत, बरे आहेत ना, त्याने विचारलं. त्यांना सगळं कळलंय हे तिने सांगितलं. मग म्हणाली, बरे आहेत का ते फोनवर बघण्यापेक्षा इथे येऊन बघ.

सुट्टीच्या दिवशी दुपारी तो आला. गाडी न आणता बसने आला होता. किती तरी वर्षांनी तो त्या दारात उभा होता, आणि आधी चपला काढाव्यात की आधी आत यावं, हे त्याला ठरवता येत नव्हतं. कानशिलांवरचे केस पांढरे झाले होते. धाकटीने त्याला आत घेतलं. बाबांना त्याचा आवाज ऐकू गेला असणार, तरी ते आतल्या खोलीतून लगेच बाहेर आले नाहीत. आले तेव्हा केस ओले होते, बसवलेले.

ते समोरच्या खुर्चीत बसले. दादा उभाच राहिला.

"वरून बघत होतास," बाबा म्हणाले.

"हो."

"मी तिथे खेळ करत होतो, आणि तू बघत होतास."

"खेळ नाही वाटला, बाबा."

"मग काय वाटलं?"

धाकटी स्वयंपाकघराच्या दारात होती. आत निघून जावं असं तिला वाटलं, पण ती तिथेच उभी राहिली.

"मी खाली यायचो," दादा म्हणाला. "प्रत्येक वेळी जिना उतरून यायचो. दारापर्यंत. कडीवर हात ठेवून उभा राहायचो. तुम्ही त्या बाजूला, मी या बाजूला. वाटायचं, बेल वाजली की उघडू. मी आपण होऊन उघडलं आणि तुम्ही तेच परत म्हणालात तर? तेवढं परत ऐकायची ताकद नव्हती माझ्यात."

बाबा त्याच्याकडे बघत राहिले. म्हणाले, "ते काही मला कुणी दाखवलं नाही."

"नाही. घरात कॅमेरा नाही. मी सांगतोय तेवढंच."

बाबांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. धाकटीला वाटलं, आता हे उठून आत जातील आणि सगळं संपेल. पण ते बसून राहिले.

"मी काचेत जे म्हणून बघायचो," ते म्हणाले, "ते नीट जमत नव्हतं. दवाखान्यात मी जे बोललो ते खरं नव्हतं. बोलताना पण मला माहीत होतं खरं नाही म्हणून. तिला जायचंच होतं. मला कुणावर तरी टाकायचं होतं आणि तू समोर होतास." ते थांबले. "एवढंच होतं. एवढ्याचंच पाठांतर होत नव्हतं."

दादा खाली बसला, खुर्चीवर नव्हे, तिथेच जमिनीवर, भिंतीला टेकून. त्याने चेहरा दोन्ही हातांत घेतला. बाबांनी मान वळवली आणि पडद्याकडे बघत राहिले. धाकटी आत गेली आणि चहाचं आधण ठेवलं. आधण उकळलं तेव्हा बाहेर बाबा बसचा रस्ता विचारू लागले, कुठे बदलावी लागते, गर्दी असते का.

पुढे दादाने कंपनीला कळवून आपली परवानगी मागे घेतली. यापुढचं चित्रण जाणार नाही, असं उत्तर आलं. आधी गेलेल्याचं काय, याचं उत्तर त्याला मिळालं नाही, आणि त्याने पुन्हा पुन्हा विचारूनही ते कधीच आलं नाही. ज्या गाड्या शिकल्या त्या बाबांना बघूनही शिकल्या असतील. कुणाच्या फोनवर तो तुकडा अजून असेल. धाकटीला दुसरीकडे काम मिळालं, एका दवाखान्याच्या स्वागतकक्षात. बाबा उन्हं कलल्यावर पुन्हा थोडं फिरायला लागले, भिंतीलगतच. दादाच्या घरी ते गेले नाहीत. तूच येत जा, म्हणाले. आणि तो येत राहिला, बसने.